हवा काढली तरी ब्रेकचं पेडल पुन्हा मऊ का पडतं? घाटात आणि ट्रॅकवर चालवायच्या जुन्या गाडीची तपासणी

मारुतीची जुनी झेन, एस्टीम किंवा 800 घरच्या घरी फेरबदल करून तयार करणाऱ्यांकडून साताऱ्यात एक तक्रार कायम ऐकू येते. गावात गाडी झकास थांबते. पण पाचगणीहून पसरणी घाटाने वाईत उतरलं, किंवा रेसिंग ट्रॅकवर काही राउंड सलग मारले, की पेडल मऊ लागतं, नेहमीपेक्षा खोल जातं, कधी दोनदा दाबल्याशिवाय पकडतच नाही. मग ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा काढायची. पेडल कडक होतं. महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पाना लावण्याआधी पेडल केव्हा आणि कसं बिघडतं ते नीट बघा. हवा काढताना थोडं जुनं ऑइल बाहेर पडतं, थोडं ताजं आत येतं, म्हणून काही दिवस फरक जाणवतो. बिघाड मात्र जागेवर असतो, आणि तो पुन्हा दिसतो तो नेमका उतारावर. बाकी कुठलाही बिघाड असा अंगावर काढता येईल. ब्रेकचा येत नाही.

माझी गाडी 1998 ची झेन. 993 सीसी इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. इंजिनवर थोडं काम केलेलं आहे, टायर मूळच्यापेक्षा रुंद आणि मऊ रबराचे आहेत. रोजच्या वापराला हीच गाडी आणि ट्रॅकवरही हीच. ट्रॅक म्हणजे कोइंबतूरचा 2.1 किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा. साताऱ्यावरून जाणारा 48 नंबरचा महामार्गच त्या दुसऱ्या ट्रॅकच्या बाजूने पुढे चेन्नईत शिरतो. दोन्हीकडे जायला हजारावर किलोमीटर आहेत आणि गाडी चालवत न्यायची, चालवतच परत आणायची. म्हणून ट्रॅकसाठी केलेला प्रत्येक बदल रस्त्यावरही खपला पाहिजे.

उष्णतेचा हिशेब

दोन माणसं धरून गाडी 900 किलोची समजा. पाचगणी ते वाई साधारण 600 मीटरचा उतार आहे. तेवढं खाली येताना सुमारे 53 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी 100 वरून पूर्ण थांबवायला साधारण साडेतीन लाख जूल लागतात. म्हणजे गिअर न वापरता नुसत्या ब्रेकवर पसरणी उतरणं हे 100 वरून पंधरा वेळा गाडी उभी करण्याइतकं होतं. यातला मोठा वाटा इंजिन, हवा आणि टायर उचलतात, पण तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तरच. ट्रॅकवर प्रश्न वेळेचा असतो. ताशी 120 वरून 60 वर येताना पावणेचार लाख जूल तीन-चार सेकंदांत डिस्कमध्ये जातात, आणि डिस्क गार व्हायच्या आत पुढचं वळण येतं.

वेग वाढला की ही ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिनवर काम करून सरळ रस्त्यावर 100 च्या जागी 120 गाठलेत तर ब्रेकवरचा भार 44 टक्क्यांनी वाढतो. घरी तयार केलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये पैसे आधी इंजिनला, मग टायरला आणि उरलेच तर ब्रेकला लागतात. मला हा क्रम पटत नाही. झेनसारख्या हलक्या गाडीला मूळ ब्रेकही पुरतात, फक्त ते पूर्ण क्षमतेने चालत असले पाहिजेत.

पेडल कधी बिघडतं?

पेडल फक्त गरम झाल्यावर मऊ पडत असेल आणि तासाभराने बरंचसं जागेवर येत असेल, तर ऑइल उकळतंय. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय खोल जातो. वाफेचं पुन्हा पाणी झालं की पेडल वर येतं. घाट संपल्यावर हे जास्त घडतं, आणि तिथेच लोक फसतात. उतरताना डिस्कला वारा लागत असतो. वाईत चहाला गाडी उभी केली की वारा बंद होतो, डिस्कमधली उष्णता पॅड आणि पिस्टनमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) ऑइलपर्यंत पोचते, आणि दहा मिनिटांनी निघताना पहिलं पेडल तळाला जातं. घाटात तर सगळं ठीक होतं असं तुम्ही म्हणत राहता.

गाडी थंड असतानाही पेडल मऊ आहे आणि भराभर दाबल्यावर वर येतं, अशा वेळी दोन शक्यता असतात. वर आल्यावरही स्पंजी लागलं तर हवा आहे. वर आल्यावर घट्ट लागलं तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब गेलेत. हे अंतर जुळवणारा ॲडजस्टर गंजून जाम होणं जुन्या मारुतीत अगदी नेहमीचं आहे. ड्रम उघडा, ॲडजस्टर साफ करा, चाक जेमतेम घासेल इतका आणा आणि किंचित मागे घ्या.

पाय एकसारखा दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या सिलिंडरमधले, रबर गेले. नव्या रबरांचं किट घालण्यापूर्वी सिलिंडर आतून बोटाने चाचपा. खड्डे किंवा गंजाच्या रेघा लागल्या तर किट टिकणार नाही, आख्खा सिलिंडर बदला.

पेडल उंच आणि कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर दोष ऑइलचा नाही. पॅड तापून पकड सोडतायत, किंवा इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. जास्त ड्युरेशनची (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी) कॅमशाफ्ट बसवली की आयडलला व्हॅक्यूम घटतो. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा, पाय दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल जरासं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप, त्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि बूस्टर तपासा.

खड्ड्यातून किंवा जोरदार वळणातून बाहेर पडल्यावर पहिलं दाबणं खोल आणि दुसरं बरोबर, याला नॉकबॅक म्हणतात. डिस्क डगमगून पॅडना मागे ढकलते. चाक वर-खाली धरून हलवा आणि बेअरिंगचा प्ले बघा. डायल गेजवर डिस्कचा रनआउट (फिरतानाची डगमग) 0.1 मिलिमीटरच्या आत हवा. जास्त आला तर लगेच लेथवर नेऊ नका. आधी डिस्क काढून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, परत बसवून मोजा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

घासत राहणारा ब्रेक

ऑइल उकळतंय असं ठरलं की सगळे महागडं ऑइल आणायला धावतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्यांत ऑइल ठीक असतं आणि एखादा ब्रेक पाय काढल्यावरही घासत असतो. उष्णता मुख्यतः त्या एका चाकात तयार होते आणि तिथलंच ऑइल उकळतं. पेडल मऊ झालं की चारही चाकांवर संशय येतो, दोषी मात्र एकच असतं.

ते चाक शोधायला घरगुती इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. घाट उतरून सुरक्षित जागी थांबा आणि चारही चाकांची मापं लगेच घ्या. डिस्कच्या चकचकीत भागावर नेम धरला तर आकडा खरा येत नाही, कमी येतो. डिस्कच्या काळपट, गंजट कडेवर धरा. डाव्या-उजव्यात थोडा फरक चालतो. एक बाजू दुसरीपेक्षा शंभर अंशांनी गरम असेल तर चोर सापडला. मागचे ड्रम जवळजवळ गार लागले तर मागचे ब्रेक काम करत नाहीत आणि सगळा भार पुढच्यांवर पडतोय, ही वेगळी चौकशी.

गरम चाक कळलं की पुढची तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागेवर जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. ते चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर त्या कॅलिपरचं निपल जरा सैल करा. निपल उघडल्यावरही चाक सुटलं नाही तर अडचण यांत्रिक आहे: स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) जाम, पिस्टन जाम, किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये अडकलेला. निपल उघडताच चाक सुटलं तर आत दाब अडकला होता. तो कुठे अडकला हे बघायला निपल बंद करा, पेडल दाबून सोडा, चाक पुन्हा जड झाल्यावर या वेळी मास्टर सिलिंडरवरचा युनियन (पाइपचा जोड) सैल करा. तिथे सुटलं तर दोष मास्टरचा किंवा त्याचा पिस्टन ढकलणाऱ्या पुशरॉडचा आहे. तिथे सुटत नसेल आणि फक्त निपलवर सुटत असेल, तर मधला रबरी होज पाइप आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी नवा दिसतो. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत हे होज बदललेले नसतील तर तपासत बसू नका, सगळे एकदम बदला.

पुशरॉडचं थोडं सांगतो, कारण बूस्टर किंवा मास्टर दुसऱ्या गाडीचा बसवणाऱ्यांना तो हमखास नडतो. रॉड जरासा लांब राहिला तर पाय काढल्यावरही मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं, त्याला वाट मिळत नाही, ब्रेक आपोआप लागत जातो. यात पेडल मऊ पडायच्या आधी वर येतं आणि कडक होतं. घाटात गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी जड वाटली की लगेच बाजूला घ्या.

ब्रेक घासण्याचं दुसरं कारण आपल्याकडच्या सवयीतलं आहे. कॅलिपर उघडला की मिस्त्री तो रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुतात आणि पिनला बेअरिंगचं साधं ग्रीस लावतात. ब्रेकचं रबर यातलं काहीही सोसत नाही. ते फुगतं, पिन आणि पिस्टन आवळतात, आणि ओव्हरहॉलिंग झालेली गाडी दोन महिन्यांत घासायला लागते. रबर ज्या भागात आहे तो ताज्या ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा. पिनला सिलिकोनचं, ब्रेकसाठी म्हणून मिळणारं ग्रीस लावा. काम बाहेर करून घेत असाल तर या ग्रीसचा डबा घेऊन समोर उभे राहा. यात संकोच करू नका.

हवा कधीच पूर्ण निघत नसेल तर

कराडच्या एका मित्राच्या एस्टीमचं पेडल पहिल्या दिवसापासून स्पंजी होतं. त्याने दुसऱ्या मॉडेलचे मोठे कॅलिपर बसवले होते. ऑइल चांगलं, मास्टर नवा, हवा मन लावून काढलेली. कॅलिपरचं निपल कुठे आहे एवढंच बघितलं, तर ते खालच्या बाजूला होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बोल्ट तंतोतंत बसतात, ब्रेकही लागतो, पण हवा वर राहते आणि निपलमधून फक्त ऑइल येतं. अदलाबदल करून एकदाच हवा काढली आणि विषय संपला. मोठे कॅलिपर लावणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बघावं.

मोठ्या कॅलिपरचा दुसरा परिणाम गणिताचा आहे. 48 मिलिमीटरचा पिस्टन काढून 54 चा घातला की क्षेत्रफळ सुमारे 27 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे मास्टर तोच असेल तर पेडलही तेवढं जास्त खोल जाणार. हा बिघाड नाही. त्याला हवा समजून आठवडे वाया घालवू नका. मास्टर जुळता घ्या किंवा पेडल तेवढं खोल जाणं मान्य करा.

हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते बहुधा मागचं डावं असतं, तरी मॅन्युअल मिळालं तर त्यातला क्रम पाळा. घरातलं कुणी पेडलवर बसवा, “दाब, धर” म्हटलं की निपल उघडा, बंद केल्यावरच “सोड” म्हणा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जिथवर जातो त्याच्या पुढचा भाग गंजलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या गंजावरून घासतं आणि हवा काढण्याच्या कामातच मास्टर जातो.

ऑइल आणि पॅड

ब्रेक ऑइलचे दर्जे डॉट नंबरने ओळखतात. डॉट 3 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर 140. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155, डॉट 5.1 चे 260 आणि 180. पाणी शोषलेलं म्हणजे 3.7 टक्के पाणी असलेलं. महाबळेश्वर-कोयनेच्या पावसाळी हवेत उघड्या डब्यातलं ऑइल पाणी ओढतंच. म्हणून अर्धा उरलेला जुना डबा वापरू नका, लहान सीलबंद डबा आणा. ही तिन्ही एकमेकांत मिसळतात. डॉट 5 मात्र सिलिकोनचं वेगळं ऑइल आहे, ते यात घालायचं नाही. नाव जवळजवळ सारखं असल्याने दुकानात चूक होते. मी चांगलं डॉट 4 वापरतो, पावसाळा संपल्यावर दरवर्षी बदलतो आणि ट्रॅकला जायच्या आधी पुन्हा. गाडीच्या पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पॅडबाबत माझं मत ठाम आहे: रस्त्यावरून ट्रॅकला जाणाऱ्या गाडीला निव्वळ रेसिंग पॅड लावू नयेत. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत. थंडीत सकाळी घरातून निघून पोवई नाक्यावर पहिला ब्रेक मारताना समोर शाळेची रिक्षा असू शकते. थंडही पकडणारा आणि साध्यापेक्षा जास्त तापमान सोसणारा मधला पॅड घ्या, नीट बेडिंग करा (नवे पॅड डिस्कवर हळूहळू बसवून घ्या) आणि ट्रॅकवर राउंड कमी मारा. पॅड काढल्यावर कडा राखाडी होऊन भुरभुरत असतील किंवा पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल, तर तो जळालाय.

डिस्कमागचा पत्रा काढून बंपरमधून हवेचा पाइप आणल्याने डिस्क बरीच गार राहते. पण पावसाळ्यात आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांत त्याच वाटेने चिखल आत येतो. पत्रा जपून ठेवा, ट्रॅकहून आल्यावर परत बसवा.

दुरुस्तीनंतर चाचणीसाठी मी यवतेश्वरचा घाट घेतो, पण वेगासाठी नाही. तिथे पहाटे दूधवाले असतात, सातारा हिल मॅरेथॉनच्या सरावाची मंडळी धावत असतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कासची गर्दी. तिसऱ्या गिअरमध्ये नेहमीच्या वेगाने उतरायचं, खाली थर्मामीटरने चारही चाकं मोजायची, दहा मिनिटं थांबायचं आणि गाडी जागेवरच असताना पेडल दाबून बघायचं. ते दहा मिनिटांनंतरचं पेडल तंतोतंत सकाळसारखं लागलं तरच दुरुस्ती झाली म्हणा.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. दुसरं इंजिन टाकायचं असेल तर आधी आरटीओत विचारा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि तेव्हा गाडी तपासली जाते. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवरचं नुकसान तुमच्या खिशातून जाणार.

ट्रॅकवर गेलात की शेवटचा राउंड हळू, ब्रेक जवळजवळ न लावता मारा. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्यावर ब्रेकवर पाय ठेवून उभे राहू नका आणि हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा. डिस्क हात जवळ नेण्याइतकी गार झाली की पॅडची जाडी बघा आणि निपल, होज, युनियन कुठे ओलावलेत का ते तपासा. दिवसभरात पेडल एकदा जरी मऊ पडलं असेल तर परतीला निघण्याआधी तिथेच ऑइल बदला. त्यासाठी एक सीलबंद डबा, निपलचा रिंग पाना, पारदर्शक नळी आणि रिकामी बाटली डिकीत असू द्या.